इंजिनाचं पीठ

माघ वद्य पंचमी, मंगळवार. जागा, आमच्या घरचा सोपा. हजर: आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खांबाला टेकून, आमचे यजमान झोपाळ्यावर, हातात वर्तमानपत्र, धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, तालमीतून तसेच आलेले, अंगाला तांबडी माती, गल्लीच्या टोकाचे वैद्यबुवा, कोणी बोलावलं नसताना, बाहेर पायरीवर दळणाच्या मावशी, आणि मी. जिच्या लग्नासाठी हे सगळे बसले होते ती माझी थोरली मुलगी परसात पापड वाळत घालत होती. तिला कोणी काही विचारणार नव्हतं, म्हणून तिची हजेरी मी धरलेली नाही. ज्याच्याबद्दल बोलायचं होतं ते इंजिन मंडईपलीकडे होतं, पण त्याचा पुक पुक आवाज सोप्यापर्यंत येत होता. तेव्हा तेही हजर होतं असं म्हणायला हरकत नाही.

प्रश्न साधा होता. लग्न फाल्गुनात. जोंधळा, गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ मिळून पोती पडवीत येऊन पडली होती. गल्लीतल्या सात घरांचं दळण मावशी करायच्या. मी सून म्हणून आले तेव्हापासून आमचंही त्याच करत होत्या. पण एका म्हातारीनं एवढं लग्नाचं दळण फाल्गुनापर्यंत दळायचं म्हणजे मुलीचं लग्न वैशाखात ढकलावं लागलं असतं. दिवाळीत मंडईपलीकडे तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी सुरू झाली होती. मी म्हटलं, मुहूर्ताचं दळण घरच्या जात्यावर करू, नेहमीचं मावशींकडे राहू दे, आणि बाकीची पोती गिरणीत पाठवू.

एवढं बोलून मी थांबले आणि मग मला बोलायला जागाच मिळाली नाही.

वैद्यबुवा म्हणाले, "गिरणीतून पीठ बाहेर येतं तेव्हा त्यात हात घालून बघा. चटका बसतो. म्हणजे ते तिथंच एकदा शिजलं. घरी आणून तुम्ही त्याची भाकरी केली, दुसऱ्यांदा शिजलं. दोनदा शिजलेलं अन्न ते शिळं. शिळं अन्न म्हणजे पित्त."

"आणि तव्यावरून काढून चुलीच्या आरावर फुगवली की तिसऱ्यांदा," मी म्हटलं. "मग भाकरी कच्चीच खायची का?"

"तुम्ही विनोद करा," बुवा म्हणाले. "पित्त विनोद करत नाही."

आत्याबाईंचा आक्षेप वेगळा होता. "दिवसभर ते एवढं बोंबलतंय. खातंय काय? घासलेट! नुसत्या घासलेटावर एवढा जोर येतोय व्हय गं कुणाला? आपल्या जोंधळ्यातलं सत्त्व ओढतंय ते, नि उरलेला भुसा आपल्या पदरात घालतंय."

भाऊजी मांडीवर थाप मारून म्हणाले, "वस्ताद म्हणालेत, इंजिनाचं पीठ खाल्लं की मांडीतला जोर जातो."

"कुणाचा गेला?"

"अजून तालमीत कुणी खाल्लेलं न्हाय," भाऊजी म्हणाले. "म्हणून तर जोर हाय."

यजमानांकडून मला आशा होती. गल्लीतली पहिली सायकल त्यांची. उठवणीचं घड्याळ त्यांनीच आणलं आणि ते वाजायला लागल्यावर आम्ही सगळे उठून ते बंद कसं करायचं ते शोधत बसायचो. महाराजांच्या राज्यात नवं काही आलं की यजमान आधी बघायला जायचे आणि मग घरी येऊन आम्हांला समजावून सांगायचे. त्याच सकाळी त्यांनी विलायतेत माणूस यंत्रात बसून समुद्रावरून उडत गेल्याची हकिकत वाचून दाखवली होती आणि ती त्यांना पूर्ण पटली होती. आता त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली.

"मी सुधारणेच्या विरुद्ध नाही," ते म्हणाले. "पण अन्न वेगळं."

या सोप्यात बसलेल्या तिन्ही पुरुषांनी आयुष्यात जात्याचा खुंटा धरला नव्हता. आत्याबाईंनी तो सोडून वीस वर्षं झाली होती. ज्या कामाला आपला हात लागत नाही त्याच्याबद्दल माणसाचं मत किती पक्कं असतं, हे मी त्या दिवशी पाहून ठेवलं.

मग मावशी बोलल्या. त्यांचा आवाज असा की पायरीवरून बोलल्या तरी परसातले पापड हलावेत.

"वैनी, इंजिनाला दळान द्यायचं तर द्या. फकस्त आदी मला न्हिऊन पंचगंगेच्या घाटावर ठिवा."

"घाटावर कशाला, मावशी?"

"मग खाऊ काय? सात घरचं दळान हाय म्हनून माझी चूल पेटती. आज तुमची पोती गेली, उद्या बाकीच्या सा घरची जातील. तुमी मोठ्या घरचं, तुमचं बघूनच गल्ली चालती. मला ना ल्योक, ना लेक. एक खोली नि एक जातं. जात्याला काम न्हाय म्हंजे मला अन्न न्हाय. हिशेब सोपा हाय की."

हिशेब खरोखर सोपा होता. शिवाय मावशींचं पीठ वाईट असतं असंही कोणी म्हणू शकत नव्हतं. उलट हिवाळ्यापासून गल्लीभर कौतुक चाललं होतं की म्हातारीचा हात वयाबरोबर सुधारतोय, पीठ पहिल्यापेक्षा बारीक आणि एकसारखं येतंय.

मला न सुटलेली गोष्ट तशीच सोडून उठायला जमत नाही. मी म्हटलं, परीक्षा घेऊ. एकाच पोत्यातला जोंधळा. अर्धा मावशी दळतील, अर्धा मी स्वतः गिरणीतून आणीन. दोन्हीच्या भाकऱ्या मी करीन, कोणती कुठली ते सांगणार नाही. खाणाऱ्यांनी ओळखायचं. इंजिनाची भाकरी खरंच वाईट निघाली तर गिरणीचं नाव काढणार नाही.

सगळ्यांना हे फार आवडलं, कारण प्रत्येकाला खात्री होती की आपण ओळखणार. एकट्या मावशी म्हणाल्या, "परीक्षा कशाला? मी सांगती की." पण तोवर ठरलं होतं. मी त्यांच्या टोपलीत अर्धा जोंधळा मापून घातला, वर आमचं निळ्या काठाचं फडकं झाकलं आणि त्यांना लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी गड्याच्या डोक्यावर उरलेला अर्धा देऊन मी गिरणीत गेले. आमच्या घरची बाई गिरणीत गेली हे मंडईत लोक वळून बघत होते, पण त्यांना वळायला निमित्त हवंच असतं.

गिरणी म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. एका टोकाला इंजिन, मधे चामड्याचा पट्टा, दुसऱ्या टोकाला दगड. चालवणारा मिस्त्री मुसलमान, भुवयांपर्यंत पीठ बसलेला, रेल्वेच्या कारखान्यात वर्षानुवर्षं काम करून आलेला. समोर धान्याची टोपली घेऊन बसलेल्यांची रांग. दगड एकच असल्यानं आधीच्याचं चिमूटभर पीठ पुढच्याच्या पिठात जाणार हे उघड होतं, आणि रांगेतला प्रत्येक जण आपली पाळी आली की एकच विचारत होता, "मिस्त्री, आमच्या आधी कुणाचं?"

मिस्त्री प्रत्येकाला शांतपणे सांगत होता, "देवळाचं."

ज्याचं दळण होई तो समाधानानं जाई, आणि मागचा पुढं येऊन विचारी, "आमच्या आधी कुणाचं?"

"देवळाचं."

देवळाला एवढं पीठ कशाला लागतं, हे कोणी विचारत नव्हतं. आणि आपल्या आधी कोण दळून गेलं हे डोळ्यांनी बघितलेलं असूनही मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं की सगळ्यांना बरं वाटत होतं.

माझ्या पुढं एक बाई कपाळापर्यंत पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या टोपलीवरचं फडकं निळ्या काठाचं होतं.

"मावशी?" मी म्हटलं.

"मी न्हवं," मावशी म्हणाल्या.

"मग कोण?"

"वैनी, जरा हळू बोला की."

मिस्त्रीला वाटलं ओळखीपाळखीचं काम दिसतंय. तो इंजिनावरून ओरडून म्हणाला, "बाईसाब, तुमच्याकडच्या का या? लई भली बाई. आमचं पयलं गिऱ्हाईक! दिवाळीत नारळ फोडला तवा खोबरं बी ह्यांनीच वाटलं."

मावशींनी पदर मागे सारला. आता लपण्यात अर्थ नव्हता. त्यांनी उजवा हात उचलून दाखवायचा प्रयत्न केला. तो खांद्याच्या वर गेला नाही.

"दसऱ्याला खांदा गेला," त्या म्हणाल्या. "अंबाडा घालायला बी शेजारीन लागती. म्हटलं, आता संपलं. नि दिवाळीला ह्यो मिस्त्री आला. आंबाबाईनंच धाडला म्हना. तुमची धान्यं घ्यायची, हितं आनायची, दळून परत. तुमी देता त्यातलं ह्याला थोडं, बाकीचं मला. कुनाचं नुस्कान झालं का सांगा?"

"पण मावशी, पहाटे तुमचं जातं ऐकू येतं. ओव्या ऐकू येतात. काल पहाटेसुद्धा ऐकल्या मी."

"मूठभर कोंडा टाकती नि डाव्या हातानं फिरवती." मावशी माझ्याकडं बघत नव्हत्या. "कोंडा न टाकावा तर दगूड दगडाला खातोय. अन् फिरवायला तर पायजेच. न्हाय फिरवलं तर गल्ली म्हनंल, म्हातारी आजारी हाय. आजारी म्हातारीला दळान कोन दील?"

म्हणजे चार महिने आमची गल्ली इंजिनाचं पीठ खात होती, आणि रोज पहाटे रिकाम्या जात्याची घरघर ऐकून म्हणत होती की हाताच्या दळणाची चवच न्यारी. ज्यांना इंजिनानं पित्त होणार होतं त्या वैद्यबुवांच्या घरचं दळणही मावशींकडेच होतं. भाऊजींच्या मांडीतला जोरही मिस्त्रीच्याच दगडातून आलेला होता.

मला हसू आलं, पण मावशी हसत नव्हत्या.

"आता जाऊन सांगा समद्यास्नी," त्या म्हणाल्या. "सातीच्या साती घरं सरळ हितं येतील. मिस्त्रीचं भलं हुईल. माझं काय व्हायचं ते हुईल."

मी धान्य देत होते, मला पीठ मिळत होतं, आणि पीठ चांगलं होतं. तक्रार कशाची करायची तेच मला सुचेना. तेवढ्यात मावशींचं दळण झालं आणि माझी पाळी आली. मावशी माझ्या शेजारी उभ्या, त्यांचं पीठ अजून गरम. मिस्त्रीनं माझा जोंधळा वर ओतला आणि सवयीनं म्हणाला, "काळजी करू नका बाईसाब, तुमच्या आधी देवळाचंच होतं."

परीक्षा गुरुवारी झाली. सोप्यात पाट मांडले. एका पिठाच्या भाकऱ्यांच्या कडेला मी बोटानं चिमटा काढला होता, दुसऱ्या पिठाच्या तशाच ठेवल्या. दोन्ही एका तव्यावर, एका चुलीवर, त्याच पाण्यानं मळून. बरोबर पिठलं आणि कांदा. मावशी पायरीवर येऊन बसल्या होत्या. त्यांना घरी थांबवेना.

यजमानांनी चिमट्याच्या भाकरीचा तुकडा तोंडात धरला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते चघळत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "ही इंजिनाची. जिभेच्या मागच्या बाजूला घासलेट लागतं. आधी नाही, मागून."

वैद्यबुवांनी दुसरी उचलली. "अहो, इंजिनाची ही आहे. बघा, घाम आला मला." घाम खरंच आला होता, पिठल्यात मिरची होती.

भाऊजींनी दोन्ही खाल्ल्या, मग पुन्हा दोन्ही मागितल्या. प्रत्येक भाकरीनंतर ते दंड वळवून बघत होते. "चिमट्याची इंजिनाची," त्यांनी निकाल दिला. "ती खाल्ली की दंड नुसता फुगतोय, आत घट्ट न्हाय."

आत्याबाईंनी चिमट्याची भाकरी हातात घेऊन नुसता वास घेतला. "ही हाताची. हिला माणसाचा वास हाय."

दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. आवाज चढले. यजमान म्हणाले, बुवांना नाडीपलीकडचं काही कळत नाही. बुवा म्हणाले, यजमानांनी आकाशात उडणाऱ्या यंत्रातच बसावं. शेवटी सगळे माझ्याकडं वळले. पायरीवर मावशींनी डावा हात उंबऱ्यावर घट्ट धरला होता. मला तेवढाच हात दिसत होता.

"चिमट्याची भाकरी," मी म्हटलं, "मावशींनी आणून दिलेल्या पिठाची."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

त्यावर जे झालं ते मी कधी विसरणार नाही. यजमान म्हणाले, "तेच म्हणतोय मी. ती घासलेटची चव मागून आली, म्हणजे आधी खाल्लेल्या पानाची असणार." पान त्यांनी सकाळपासून खाल्लं नव्हतं. भाऊजी म्हणाले, "फुगतोय म्हणजेच जोर येतोय की! मी काय वायलं म्हणालो?" वैद्यबुवा आणि आत्याबाई तर जिंकलेच होते. एकमतानं ठरलं की इंजिनाची भाकरी घशाखाली उतरत नाही. पानं मात्र सगळ्यांची स्वच्छ झाली होती. लग्नाचं सगळं दळण मावशींकडे जाईल, एक दाणा गिरणीत जाणार नाही.

मावशींचा हात उंबऱ्यावरून सुटला आणि त्या आत डोकावल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला आणि लगेच गेला, कारण आत्याबाई पुढं बोलत होत्या.

"पण एवढं दळण एकट्या म्हातारीवर टाकायचं व्हय? आम्ही गल्लीतल्या समद्या येतो. पाळीपाळीनं जात्याला बसू. तुझ्याच पडवीत. तू नुसतं बसून सांग."

मुहूर्ताचं दळण रविवारी आमच्या घरच्या जात्यावर झालं. जात्याला हळदकुंकू, खुंट्याला आंब्याची डहाळी, पाच सवाष्णी, हळकुंडाच्या चार मुठी. मावशींना त्या दिवशी अंगणात उभं राहावं लागलं. मुहूर्ताच्या दळणाला विधवेचा हात चालत नाही. त्यानंतरची सगळी पोती मात्र चालतात. हे मी तेव्हा आत्याबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "रीत हाय." मी म्हटलं, रीत कुणाच्या सोयीची ते दिसतंच आहे. यावर आमचं जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

सोमवारी गल्लीतल्या बायका मावशींच्या पडवीत जमल्या. नथी, गूळ, शेंगदाणे, थट्टामस्करी, जणू लेकीच्या डोहाळेजेवणाला आल्यात. मावशी कोपऱ्यात बसून घाबरून जात्याकडं बघत होत्या. पहिल्या तासाला ओव्या मंडईपर्यंत ऐकू गेल्या. दुसऱ्या तासाला ओव्या आखूड झाल्या. ओवीच्या शेवटी भावाचं नाव यायचं असतं. तिथवर पोहोचण्याआधीच दम लागायला लागला. वैद्यबुवांच्या सौभाग्यवतींनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या, मग काढून ठेवल्या, मग हातच काढून घेतला. आत्याबाई हौसेनं बसल्या आणि त्यांना उठवायला दोघी लागल्या.

"सरा सगळ्याजणी," भाऊजी दारातून म्हणाले. ते गंमत बघायला आले होते. "हे काय काम हाय?" त्यांनी खुंटा धरला आणि कुस्तीचा डाव टाकावा तसं जातं फिरवलं. वरची तळी खुंट्यासकट उचकटून बाजूला पडली आणि जोंधळ्याचं जे निघालं ते म्हशीपुढं ठेवण्यासारखं होतं. भाऊजींनी हात झटकले. "ह्ये माणसाचं काम न्हाय," असं म्हणून ते तालमीत गेले.

दुपारी पडवी रिकामी झाली. मंगळवारी कोणी आलं नाही. एकीच्या घरी पाहुणे आले, एकीचं मूल रडत होतं, एकीला वैद्यबुवांनी विश्रांती सांगितली. पोत्यातलं धान्य तळहाताएवढं खाली गेलं होतं.

बुधवारी मावशी परसदारानं माझ्याकडं आल्या. पदर तोंडात धरलेला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"वैनी, आता काय करू? बुवांची बायकू आली. म्हनती, मावशी, हळूच इंजिनाला घाला, पर आमच्या ह्यास्नी कळू देऊ नका. ती गेली तोवर कोपऱ्यावरची काकू. तिनं बी त्येच. तुमच्या आत्याबाईंनी तर मला गोठ्यात न्हिऊन सांगितलं. म्हनल्या, सुनेला सांगू नगंस, ती लिवून ठिवती."

"आणखी कोण?"

"समदी. साती घरं. समदे म्हनत्यात इंजिनाला घाल, नि समदे म्हनत्यात कुनाला सांगू नगं."

"मग सांगू नका," मी म्हटलं.

त्याच दिवशी जेवताना यजमान ताटाकडं बघत म्हणाले, "मी तत्त्वाला धरून आहे. पण दिवस थोडे राहिलेत. एखादं पोतं इकडचं तिकडं गेलं, तर मला सांगू नकोस म्हणजे झालं." मी बरं म्हटलं. घरात एवढी गुपितं झाली होती की कोणतं कोणापासून लपवायचं ते लक्षात ठेवायला मला वेगळी वही घालावी लागली असती.

दोन बैलगाड्या कडब्याखाली झाकून मंडईपलीकडे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत आल्या. मावशी पहिल्या गाडीवर पुढं बसल्या होत्या, आणि मिस्त्रीनं त्यांना पुढच्या दळणापासून रांगेत बसायची गरज नाही असं सांगितलं होतं. सात घरं आता त्यांच्याशिवाय कुठं जाऊच शकत नव्हती. सरळ गिरणीत जायचं तर सगळ्या गल्लीसमोर जावं लागलं असतं. घाटाची गोष्ट मावशींनी पुन्हा काढली नाही. पहाटेचं जातं त्यांनी चालू ठेवलं. मी एकदा म्हटलं, आता कशाला त्रास? त्या म्हणाल्या, "वैनी, माझ्यासाठी न्हाय. आवाज न्हाय आला तर समद्यास्नी एकमेकांकडं बघावं लागंल."

लग्न नीट पार पडलं. मुलगी मलकापूरला दिली. तिथल्या विहीणबाई करारी, मांडवात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी विचारलं, "पीठ हाताचं की यंत्राचं?" मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हाताचं! मी स्वतः जात्याला बसले होते." तेही खोटं नव्हतं. विहीणबाईंनी पुरणपोळी मोडून उजेडात धरली, बोटांत चुरडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा. एवढं मऊ पीठ यंत्राच्या बापाला जमायचं नाही." वैद्यबुवांनी मान डोलावली. मिस्त्रीला मी लग्नाचं बोलावणं दिलं होतं. तो मुसलमान आळीतल्या पाहुण्यांबरोबर पंगतीत बसला होता. त्यानं मान खाली घालून तिसरी पोळी मागितली.

जाताना विहीणबाई म्हणाल्या, "ती दळणारी बाई मला पंधरा दिवस पाठवा. आमच्याकडं भाताचा मुलूख, पण तांदळाचं पीठ असं कुणाला जमत नाही."

तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी लिहिलं, मावशींना ताप आहे. दुसऱ्या वर्षी गुडघा. या वर्षी विहीणबाईंचं पत्र आलं आहे की मुलीला दिवस गेलेत, ओटीभरण मोठं करायचं आहे, गावात नुकतंच एक इंजिन आलंय पण त्याचं पीठ आम्ही घरात शिरू देणार नाही, तेव्हा यंदा बाई पाठवाच. पुढं लिहिलंय, मी स्वतः जात्यासमोर बसून तिच्या ओव्या ऐकणार आहे.

मी मावशींना पत्र वाचून दाखवलं. "इंजिन हाय म्हनता?" त्या म्हणाल्या. "मग जाती की मी!" मग पुढचं वाक्य ऐकून त्या आपला खांदा चोळत बसल्या.

मावशींना पाठवावं तर त्यांचा हात उठत नाही. खरं लिहावं तर इथं सात घरं तोंड फिरवतील, आणि तिथं माझी लेक जन्मभर यंत्राच्या पिठाच्या पोळीचे टोमणे ऐकत राहील. ताप झाला, गुडघा झाला. सकाळपासून दौत पुढं आहे. "श्री", "विहीणबाईंस सप्रेम नमस्कार", "पत्र पोचून मजकूर कळला", इथपर्यंत लिहून झालं आहे. पुढचं राहिलं आहे, आणि मलकापूरचं टपाल उद्या निघतं.